आधी पुरावा की आधी विश्वास?

३१ जानेवारीला आपण संत डॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करतो. त्यानिमित्ताने आपल्या दाराशी आलेल्या एका प्रश्नाचा विचार करू या.

कामाच्या शोधात आलेले, पण राहायला कायमची जागा नसलेले कितीतरी तरुण आपल्या परिसरात आहेत. कुणी चार दिवस मित्राच्या खोलीत, कुणी चार दिवस नातेवाइकांकडे. त्यांत बालगृहात वाढलेली मुलेमुलीही असतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की त्यांना बालगृह सोडावे लागते. २०१५ च्या बालन्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांना आधार देण्याची तरतूद आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आरक्षणही ठेवले. परंतु खाजगी नोकरीच्या दारात पहिला प्रश्न असतो, 'राहता कुठे?'

काम मागायला गेले की पत्ता विचारतात. खोली मागायला गेले की पगार, डिपॉझिट आणि ओळखीचा माणूस विचारतात. शिवाय मुलाखतीला जाण्यापूर्वी आंघोळ हवी, इस्त्रीचे कपडे हवेत, कागदपत्रांची पिशवी ठेवायला सुरक्षित जागा हवी. घर असलेल्याला ह्या गोष्टींची आठवणही होत नाही.

खोलीचे मालक आपल्यातलेच आणि दुकानदारही आपल्यातलेच. आपली भीती खोटी नसते. घरात लेकीसुना असतात, म्हातारी माणसे असतात. कुणीतरी पूर्वी फसवलेले असते. मग अनोळखी तरुणावर विश्वास ठेवायचा कसा?

इटलीतील ट्युरिन शहरात डॉन बॉस्को आणि त्यांची आई मार्गारेट ह्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. रात्रीपुरता आसरा दिलेल्या काही मुलांनी त्यांच्या चादरी, कांबळी पळवली होती. १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला पंधरा वर्षांचा एक अनाथ गवंडी दाराशी आला. तो कामाच्या शोधात होता आणि जवळचे तीन लिरे संपले होते. डॉन बॉस्कोंना आईच्या भांड्यांची काळजी वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. तरी मार्गारेटबाईंनी त्याला जेवू घातले आणि विटा, फळ्या मांडून स्वयंपाकघरातच त्याचे अंथरूण केले. रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावले. डॉन बॉस्कोंनी त्याला काम मिळवून दिले आणि हिवाळ्यापर्यंत तो जेवायला, झोपायला त्यांच्याकडेच येत राहिला. त्यांच्या वसतिगृहाची सुरुवात अशी झाली. पुढे १८५१-५२ पासून त्यांनी मुलांसाठी कारागीर मालकांशी लेखी करार केले आणि त्यांवर स्वतः सही केली.

ते कुलूप आपण नीट समजून घेऊ या. सावधगिरी हे पाप नाही. पण कुलूप लागले तेव्हा मुलगा आत होता, पावसात नव्हता. आपली सावधगिरी बहुधा त्याला बाहेर ठेवूनच पुरी होते.

कुणी म्हणेल, काम करणार नाही त्याने खाऊही नये, असे संत पौलानेच सांगितले आहे. खरे आहे. पण पौलाचा रोख काम करण्याची इच्छा नसलेल्यांवर आहे. ज्याला काम करायचे आहे, पण ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कुणी नाही, त्याला तो नियम लावणे अन्यायाचे आहे. अशा माणसाला नुसते 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावणाऱ्यांना संत याकोबाने खडसावले आहे (याकोब २:१५-१६).

आपल्या मुलांना पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांच्याजवळ अनुभव नव्हता. वडिलांचे नाव होते, घराचा पत्ता होता, धर्मगुरूंचे पत्र होते. म्हणजे त्यांनी काही सिद्ध करण्याआधीच कुणीतरी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. जे आपल्याला फुकट मिळाले, ते दुसऱ्याने आधी कमवावे असा हट्ट आपण का धरतो?

रिकामी खोली असेल, तर नियमाप्रमाणे पोलिसांना कळवून, डिपॉझिट हप्त्याने घेऊन ती देता येईल. खोली नसेल, तर ओळखीच्या दुकानदाराकडे शब्द टाकता येईल. ह्या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेनंतर घरी एकदा विचारू या: आपण कुणासाठी जामीन राहू शकतो?