दान मूत्रपिंडाचे की जीवनाचे?

समजा, आईने मुलाला आपले एक मूत्रपिंड दिले. पुढे त्याला दुर्मीळ बुरशीचा संसर्ग झाला, आणि त्याचा जीव वाचविण्यासाठी तेच मूत्रपिंड पणाला लावण्याची वेळ आली. मग आईच्या दानाचे काय?

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. प्रत्यारोपित अवयवाला शरीर परका मानते. त्याने तो नाकारू नये म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती क्षीण करणारी औषधे सतत घ्यावी लागतात. त्यामुळे रोगजंतूंना अडविणारा देहाचा पहाराही दुबळा होतो. पालघरच्या शेतातील ओल्या मातीत, कुजलेल्या पेंढ्यात वाढणारी बुरशी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. अशा देहात मात्र ती नाकावाटे शिरून प्राणघातक ठरू शकते.

२०२१ साली कोविडच्या साथीत ‘काळी बुरशी’, म्हणजेच म्युकरमायकोसिस, हे नाव बोईसर-तारापूरच्या घराघरांत पोहोचले. तेव्हाचे बहुतेक रुग्ण मधुमेही वा स्टेरॉइड घेतलेले होते. प्रत्यारोपण झालेल्यांना मात्र हा धोका पूर्वीपासूनच होता. यावर उपचार म्हणून मृत झालेला भाग शस्त्रक्रियेने काढतात, अ‍ॅम्फोटेरिसिन-बी देतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करतात. औषधे कमी केली तर शरीर अवयव नाकारू शकते. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला अपाय करते. लिपोसोमल प्रकार त्या मानाने सौम्य, परंतु फार महाग असतो.

ख्रिस्ती नीतिशास्त्र येथे हेतू आणि परिणाम यांत भेद करते. मूत्रपिंड गमावणे हा डॉक्टरांचा हेतू नसतो. हेतू असतो जीवनरक्षणाचा. अंश पूर्णासाठी असतो. आईने दान दिले ते मुलासाठी, त्या अवयवाच्या जपणुकीसाठी नव्हे. मूत्रपिंड गेले तर डायलिसिसचा आधार उरतो. हृदय वा यकृत प्रत्यारोपित असेल, तर निर्णय याहून कठीण होतो.

२९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवदानाला प्रेमाची कृती म्हटले. प्रेमाने दिलेले दान निष्फळ ठरले, असे कोणी म्हणू नये, आणि रुग्णालाही अपराधी वाटू देऊ नये.

आपले कर्तव्य मात्र उरतेच. अशा रुग्णाचा ताप अंगावर काढू नये. त्याला धुळीपासून, कुजक्या पाल्यापासून जपावे. आणि सौम्य औषध केवळ पैशाअभावी नाकारले जात असेल, तर तो भार एकट्या कुटुंबावर टाकून आपण स्वस्थ बसू नये.