काचेवरचे ठिपके
मे संपता संपता सिंहगडाच्या दरीत नवरंग येतो. हिरवी पाठ, खांद्यावर निळी झाक, शेपटीखाली लालभडक. पावसाच्या आगेमागे हा पक्षी रात्रीचा प्रवास करत येतो आणि वाटेत त्याला दिव्यांचं, काचांचं शहर लागतं. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या इमारतींखाली थकलेले, आपटलेले नवरंग सापडतात. जंगलात दुर्बीण घेऊनही जो चटकन दिसत नाही, तो अनेकांना पहिल्यांदा दिसतो तो पार्किंगमध्ये पडलेला.

अशा वेळी माणसाला दया येते, आणि ती सोबत पाण्याचा पेला घेऊन येते. संत एकनाथांनी कावडीतलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा आपल्यात इतकी मुरली आहे की घायाळ जीव दिसला की त्याच्या तोंडात पाणी घालायचं, हे ठरलेलंच. पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी असतं. ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरू शकतं. काचेवर आपटलेल्याच्या डोक्याला मार बसलेला असतो. त्याला हवा असतो अंधार आणि शांतता. चपलांच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी जुनं फडकं घाला, पक्षी ठेवून झाकण लावा आणि घरातल्यांना दर पाच मिनिटांनी डोकावू देऊ नका. तास-दोन तासांत तो सावध झाला तर खोकं मोकळ्यावर नेऊन उघडायचं. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मांजरानं धरलेला असेल, तर मात्र थांबायचं नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, पुण्यात बावधनला रेस्क्यू ही संस्था आहे. बरा झालेला पोपट ‘आता आपलाच’ म्हणून पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

म्हणजे मदत करायची ती बरीचशी हात आवरून. हेच आपल्याला जड जातं. दयेला काहीतरी करायचं असतं, आणि जमलं तर त्याचं श्रेयही हवं असतं. वाचवलेल्या पक्ष्याचा फोटो निघतो. जो आपटलाच नाही त्याचा कसा काढणार? म्हणून पक्षी उचलणारे हात पुष्कळ दिसतात, काचेकडे बघणारे थोडे.

पेठांतल्या वाड्यांच्या खिडक्यांना गज होते, लाकडी झडपा होत्या. पाखरू घरात शिरे, फिरून बाहेर जाई. आता बाणेर-बालेवाडीत आपण टेकडीचा ‘व्ह्यू’ विकत घेतो आणि तीच टेकडी काचेत उमटते. पक्ष्याची नजर अधू नसते. त्याला समोर खरोखरच झाडं आणि आभाळ दिसतं. अमेरिकेत काचांवर आपटून दरवर्षी ३६ कोटी ते ९८ कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ साली मांडला गेला. शिकागोत मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीखाली ऑक्टोबर २०२३मधल्या एका रात्रीत हजाराच्या घरात पक्षी मेले. तिथे मग काचांवर बाहेरून बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि पुढच्या हंगामात हे मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. ना इंजेक्शन, ना पिंजरा. नुसते ठिपके.

घरी हे सहज जमतं. ठिपके बाहेरच्या बाजूनं हवेत, कारण प्रतिबिंब तिथेच पडतं. आणि दोन-दोन इंचांवर, सगळ्या काचेभर. ससाण्याचं एकच स्टिकर लावून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारी आपटतो. डासांची जाळी काचेच्या बाहेरून बसवली तरी चालते, चिकाचा पडदाही चालतो. (रोज सकाळी गाडीच्या आरशावर चोच मारणारा दयाळ हे प्रकरण वेगळं. तो स्वतःलाच शत्रू समजून भांडत असतो. आरशावर फडकं टाकलं की भांडण मिटतं.)

ठिपक्यांनी व्ह्यू बिघडतो, अशी तक्रार असते. बिघडतो, थोडासा. पण ती टेकडी आधी पक्ष्यांची होती, आपण फ्लॅट घेतला तो नंतर. तेव्हा सोसायटीच्या सभेत गॅलरीच्या कठड्यांना काच बसवण्याचा ठराव आला, तर हात वर करा आणि विचारा: ठिपक्यांची काच का नको, किंवा साध्या सळ्या का नकोत?