पन्नास हातांचा खांब



पुरीम, म्हणजे आपल्या वाडवडिलांचा होळीचा सण. मगिल्ला वाचताना हामानाचे नाव आले की लहानथोर सारे पाय आपटतात. मर्दखयासाठी उभारलेल्या खांबावर शेवटी तोच लटकला, हे ऐकून दरवर्षी आपला जीव थंड होतो. पण खांब केवढा? पन्नास हात उंच! एका माणसाला टांगावयास सात मजली इमारतीएवढा खांब कशाला? सांगणाराला ऐकणारांची आवड चांगलीच ठाऊक होती.

सुडाच्या सिनेमांची गोडी हीच. टिबेरियसला जन्मलेले मेनाहेम गोलान व त्यांचे नातलग योराम ग्लोबस यांच्या कॅनन कंपनीने १९८५ साली ‘डेथ विश ३’ काढला. त्यात चार्ल्स ब्रॉन्सन गुंडांच्या म्होरक्याला राहत्या खोलीत, चार हातांवरून, रणगाडे फोडण्याच्या रॉकेटने उडवितो. ‘शोले’मध्येही (१९७५) हात तुटलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून ठार मारतो, असा शेवट होता; सेन्सॉरने तो बदलावयास लावून पोलीस आणले. कित्येकांना त्याची हळहळ अजून आहे!

आम्ही ह्यांत पाप पाहत नाही. नव्या देशात येऊन ऑफिसच्या खिडकीपुढे वर्षानुवर्षे ‘उद्या या’ ऐकलेल्या माणसाला दोन-अडीच तास तरी हिशेब रोखीने चुकता झालेला दिसतो. तेथे साक्षीपुरावा नाही, तारखा नाहीत. खलनायकाला आई नाही, लेकरू नाही. दया यावी असे काही मुद्दामच ठेवलेले नसते.

घोटाळा निराळाच आहे. रॉकेट पाहून आपण हसतो आणि मनात म्हणतो, सूड तो हा. आपण काही सूड घेणारे नव्हे. पण लेवीयाच्या १९व्या अध्यायात सुडाची जी मनाई आहे, तिचा अर्थ सांगताना आपल्या गुरुजनांनी ना तलवारीचा दाखला दिला ना रक्ताचा. त्यांनी दिला विळ्याचा. शेजाऱ्याने काल विळा दिला नाही, म्हणून आज त्याला कुऱ्हाड नाकारली, तर तो सूड. आणि कुऱ्हाड दिली, पण ‘घे बाबा, मी तुझ्यासारखा नाही’ असे सुनावले, तर ते मनात डूख ठेवणे. तेही मनाच!

आता आपल्या घरांकडे पाहू. लग्नाची पत्रिका उशिरा मिळाली म्हणून सख्खे भाऊ बोलत नाहीत. मालिद्याला बोलाविले नाही म्हणून मयतीलाही जात नाहीत. कधी जातात, आणि गेल्याचे दहा जणांना सांगतात. ह्यावर सिनेमा कोण काढणार? असल्या सुडाला टाळ्या पडत नाहीत. म्हणून तो वीस-वीस वर्षे चालतो.

पुरीमला निदान एका घरी दोन खाण्याचे जिन्नस पाठविण्याची आज्ञा आहे. ते घर कोणते, हे आपल्यावर सोडलेले आहे. जेथून यंदाही पत्रिका आली नाही, त्या दारी आधी पुरणपोळी व फळ न्यावे, असे आम्हांस वाटते. मुलांच्या हाती न धाडता आपणच जावे, आणि पत्रिकेची गोष्ट काढू नये.