सोवळे आणि टाय

इंग्लंडातला भाचा म्हणतो, "मामा, सुट्टीत सगळेच 'क्वीन मेरी २'ने जाऊ." २००४ सालापासून अटलांटिकवर फिरणारी ही कुनार्डची बोट, साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्री. पण काही रात्री खास थाटाच्या! संध्याकाळी सहानंतर पुरुषाने डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा. आपला राष्ट्रीय पोशाखही चालतो. ज्याला हे नको, त्याने बुफेत जेवावे.

आमच्या तुर्भ्याच्या घरी यावर दोन दिवस खल चालला. जेवायला नटायचे कशाला, असे मुलांचे म्हणणे. मला नटण्याचे वावडे नाही. आमची आजी सोवळे नेसल्यावाचून कुणाला पानावर बसू देत नसे. त्या पंगतीला शोभा होती, हे खरे. पण त्याच नियमाने कामवाली बाई ओसरीवर जेवायची. शोभेचा हिशेब मांडताना ओसरी कोण मोजतो?

बोटीवर आईची नऊवारी खुशाल चालेल. प्रश्न धाकट्याचा. त्याला कोट-टाय नकोच. म्हणजे त्याच्याबरोबर कुणीतरी बुफेत बसायचे. आणि ते कुणी, हे आमच्याकडे न विचारताच ठरलेले असते. तिचीही सुट्टीच ना ही?

भाच्याला कळवले आहे, थाटाच्या रात्री धाकट्याबरोबर बुफेत मी. मामीला आणि आजीला पंगतीत बसव. हिची पैठणी लग्नापासून ट्रंकेत आहे.