ड्राफ्ट घेऊन ये

अमेरिकेतल्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी ऑनलाइन अर्ज भरताना शिफारसपत्रांच्या पानावर एक लहानसा चौकोन येतो. शिक्षक माझ्याविषयी जे पत्र लिहितील ते वाचण्याचा हक्क मी सोडत आहे, अशा अर्थाचं वाक्य त्याच्यापुढे असतं. १९७४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयी एक कायदा झाला. आपल्या फाइलमध्ये काय लिहून ठेवलंय ते पाहण्याचा अधिकार त्यानं विद्यार्थ्यांना दिला. मग प्राध्यापक मोकळेपणानं लिहिणार कसे, हा प्रश्न उभा राहिला आणि हा चौकोन ही त्याची सोय. हक्क सोडलेला दिसला की पत्र वाचणाऱ्याला भरवसा येतो, लिहिणाऱ्यानं भिडेपोटी काही लिहिलेलं नाही. आपल्याकडची मुलं या चौकोनात बिनदिक्कत टिक करतात. सीनियरनी बजावलेलंच असतं, ‘वेव्ह कर, नाहीतर वाईट दिसतं.’ टिक करून झाली की ती दुसरी विंडो उघडतात आणि तेच पत्र स्वतः लिहायला बसतात.

हे सर्रास चालतं, आणि इंजिनीअरिंग कॉलेजच्या आवारात ज्यानं चार वर्षं काढली आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतो. ‘सर, रेको हवं होतं.’ सर मान वर न करता म्हणतात, ‘ड्राफ्ट घेऊन ये.’ पूर्वी कॉलेजच्या लेटरहेडवर प्रिंट काढायची, सह्या घ्यायच्या, पाकिटं बंद करून जोडावर शिक्का मारून घ्यायचा आणि प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा गठ्ठा कुरियरनं पाठवायचा. आता विद्यापीठाकडून सरांच्या ईमेलवर लिंक येते. काही ठिकाणी सर त्यांचा पासवर्डच देऊन टाकतात. मग पत्राबरोबरचा तक्ताही मुलगाच भरतो: या अर्जदाराला तुम्ही किती काळ आणि कोणत्या नात्यानं ओळखता, तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत तो वरच्या एक टक्क्यात बसतो की पाच की दहा. साठ मुलांच्या वर्गात पाच टक्के म्हणजे तीन मुलं. त्या वर्गातून पंधरा जण अर्ज करणार असले तर पंधराही जण पाच टक्क्यांत बसतात.

२०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि आपण चीनला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आलो. त्यातले निम्म्याहून अधिक पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले. बहुतेक विभाग एका अर्जाला तीन पत्रं मागतात. ॲम्बिशस, मॉडरेट, सेफ अशी वर्गवारी करून मुलं आठ-दहा ठिकाणी अर्ज टाकतात. शिफारसपत्रांचा हा केवढा कारभार झाला! त्यातली किती सरांनी लिहिली आणि किती मुलांनी, याची मोजदाद कुणाकडे नाही. असण्याचं कारणही नाही, कारण सही सगळ्यांवर सरांचीच असते.

या मसुद्यांत मुलं काय लिहितात ते पाहण्यासारखं आहे. सीनियरकडून आलेला नमुना असतो, हल्ली यंत्रालाही लिहायला सांगता येतं. पण कोरड्या विशेषणांनी भागत नाही, प्रसंग लागतो, हे मुलांना कळलेलं असतं. म्हणून ती प्रसंग लिहितात. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात यानं असा प्रश्न विचारला, की मला व्याख्यान थांबवून विचार करावा लागला. प्रकल्पाचं सर्किट चालेना तेव्हा गटातली बाकीची मुलं घरी गेली, हा एकटा रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसून राहिला. हिनं पुस्तकातलं उदाहरण सोडून स्वतःच्या गावच्या पाणीपुरवठ्याचं गणित मांडून आणलं. यातलं पुष्कळसं खरंही असतं, गंमत तीच आहे. तो खरोखर बसून राहिलेला असतो, तिनं खरोखर ते गणित केलेलं असतं. सरांनी मात्र ते पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तर किती बरं झालं असतं, असं जे जे वाटतं ते एकवीस वर्षांचा मुलगा सरांच्या तोंडी घालतो. पत्र खोटं आहे, हे मान्यच. पण नीट वाचलं तर त्यात एक तक्रारही आहे. चार वर्षं मी इथं होतो आणि माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ही तक्रार सरांपर्यंत पोचायला हवी होती. ती पोचते मिशिगनमधल्या नाहीतर टेक्ससमधल्या कुणा अनोळखी प्राध्यापकाकडे, कौतुकाच्या रूपात.

समर्थन करणारे म्हणतात, यात एवढं काय? मंत्र्यांचं भाषण दुसरं कुणीतरी लिहितं, वकील अशिलाचं प्रतिज्ञापत्र लिहितो, सही करणाऱ्यानं वाचून सही केली की ते त्याचं झालं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण शिफारसपत्राला तो लागू होत नाही. भाषणात धोरण मांडलेलं असतं आणि धोरण उसन्या शब्दांत सांगता येतं. शिफारसपत्र साक्ष मागतं. तुला काय दिसलं, एवढंच विचारतं. ती साक्ष ज्याच्याविषयी आहे त्यानंच लिहून दिली, तर साक्षीदाराकडे स्वतःचं म्हणून उरतं काय? फक्त हुद्दा.

आणि आपल्याला हुद्द्याची सही पुरते, हे या सवयीचं मूळ आहे. शाळा सोडताना मिळणाऱ्या चारित्र्याच्या दाखल्यावर छापील मजकूर असतो, नाव तेवढं मधे भरायचं. मुख्याध्यापकांनी त्या मुलाचं चारित्र्य कधी पाहिलं होतं? झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून घ्यायला राजपत्रित अधिकाऱ्याच्या दाराशी रांग लावलेली आपली पिढी. साहेब मूळ प्रत उघडूनही न बघता सह्या करत जायचे आणि त्यांनी बघितलं असतं तर आपल्यालाच उशीर झाला म्हणून राग आला असता. या व्यवहारात कुणी कुणाला फसवत नव्हतं, कारण त्या सहीचा अर्थ दोन्ही बाजूंना ठाऊक होता. अमेरिकेच्या अर्जात तसं नाही. तिथला वाचणारा ती सही माणसाची म्हणून वाचतो.

१९४८ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमधले प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला आपल्या एका विद्यार्थ्यासाठी पत्र लिहिलं. जेमतेम तीन-चार ओळी. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवीधर होईल, आणि त्याच्यापाशी गणितातली अलौकिक प्रतिभा आहे. मुलगा होता जॉन नॅश, पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला, ‘अ ब्युटिफुल माइंड’ सिनेमामुळे आपल्याकडेही ठाऊक झालेला. त्या पत्राची आपल्याकडच्या दोन-दोन पानी ड्राफ्टशी तुलना केली तर त्यात प्रसंग नाही, प्रकल्प नाही, नेतृत्वगुण नाहीत. डफिन यांनी स्वतःची जोखीम मात्र त्यात घातली होती. शब्द चुकला असता तर पुढच्या वर्षी त्यांच्या पत्राकडे कुणी पाहिलं नसतं.

अमेरिकेतलं सगळं सोवळं आहे असं मुळीच नाही. तिथंही पत्रांत कौतुकाची महागाई झालेली आहे. तिथंही प्राध्यापक विद्यार्थ्याकडून मुद्दे मागतात, कधी कधी मसुदाच मागतात. शिवाय तीन प्राध्यापक तुला नीट ओळखत असतील, हे त्यांनी धरलेलं गृहीतकच दहा-बारा जणांच्या सेमिनारवरून आलेलं आहे. विद्यापीठाला संलग्न असलेल्या आपल्या कॉलेजात सत्तर मुलांचा वर्ग, शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, तासाप्रमाणे मानधन घेणारा, पुढच्या वर्षी असेल की नाही याची त्यालाच खात्री नाही. त्याच्याकडे चाळीस मुलं आली आणि प्रत्येकानं दहा विद्यापीठं सांगितली तर चारशे लिंका. या कामाचा मोबदला नाही आणि पदोन्नतीत त्याला गुण नाहीत. इंग्रजीत दोन पानं लिहायची म्हटली तर त्यालाही घाम फुटतो. ज्यांनी उन्हाळ्यात आयआयटी मुंबईत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये इंटर्नशिप केली त्यांना खरी पत्रं मिळतात, ज्यांना तिथवर पोचता आलं नाही ती मुलं घरी बसून स्वतःची स्तुती टाइप करतात. अशा मुलाला मी खोटारडा म्हणणार नाही. वडिलांनी घर गहाण टाकून कर्जाचे कागद जमवलेत, एकेका अर्जाची फी कुठे ७५ तर कुठे १०० डॉलरच्या वर, आणि सर म्हणतात ड्राफ्ट घेऊन ये. त्यानं काय करावं? सरांना साधनशुचितेवर व्याख्यान द्यावं?

मुलानं मसुद्याऐवजी एक कागद न्यावा, असं मी सुचवीन. कोणत्या विषयात किती गुण, कोणता प्रकल्प, सरांच्या तासाला काय घडलं, त्यातलं सरांना आठवण्यासारखं काय, आणि कोणत्या विद्यापीठात कशासाठी जायचंय. कच्चा माल त्याचा, वाक्यं सरांची. इंग्रजी नडत असेल तर सरांनी मराठीत सांगावं आणि अर्जदार सोडून दुसऱ्या कुणी ते इंग्रजीत उतरवावं. प्रवेश-मार्गदर्शनातही हाच फरक आहे. फर्ग्युसन रस्त्यापासून ठाण्यापर्यंत कन्सल्टंटांची दुकानं आहेत आणि त्यांतल्या काही पॅकेजांत एसओपीबरोबर, म्हणजे अर्जदाराच्या स्वतःविषयीच्या निवेदनाबरोबर, रेकोसुद्धा लिहून मिळतं. उलट राजू केंद्रे यांनी यवतमाळमधून सुरू केलेल्या ‘एकलव्य’ या उपक्रमात घराण्यातली पहिली पदवी घेणाऱ्या मुलांना मार्गदर्शक लाभतात. तूच लिही, मी वाचतो, हे इथं काय म्हणायचंय तुला, असं विचारणारा माणूस मुलाचा आवाज त्याच्याकडेच ठेवतो. (एसओपीतल्या ‘लहानपणी मी घरातला रेडिओ खोलला’ या वाक्यावर मात्र कायद्यानं बंदी आणावी. महाराष्ट्रात एवढे रेडिओ कधी नव्हतेच.)

प्रामाणिक पत्र फिकं पडेल, हे लपवून उपयोग नाही. ‘या विद्यार्थ्यानं माझ्या विषयात चांगले गुण मिळवले, याहून जास्त मी त्याला ओळखत नाही,’ असं पत्र गेलं तर शेजारच्या कॉलेजातल्या रसरशीत, स्वलिखित पत्रापुढे ते हरण्याचीच शक्यता जास्त. पीएचडीच्या अर्जात पत्रांना फार वजन असतं, तिथं हा तोटा खराखुरा आहे आणि तो सोसणारा मुलगा आहे, स्तंभ लिहिणारा मी नाही. म्हणून हा भार मुलाच्या खांद्यावर टाकणं मला पटत नाही. ज्याच्या हातात सही आहे त्यानं तो उचलायला हवा.

तो उचलायचा म्हणजे कधी कधी नाही म्हणायचं. अमेरिकेतल्या प्राध्यापकांची एक पद्धत मला आवडते. जोरदार पत्र लिहिण्याइतपत मी तुला ओळखत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारलेलं बरं, असं ते सरळ सांगतात. ऐकताना वाईट वाटतं, पण त्यात फसवणूक नाही. आपल्या स्टाफरूममध्ये नकार जवळजवळ नाहीच. सगळ्यांना होकार, सगळे पाच टक्क्यांत. एका कॉलेजातून आलेली सगळी पत्रं एकाच सुरात गाऊ लागली की वाचणारा त्या कॉलेजची सहीच वजा करून टाकतो. त्याचा फटका बसतो तो पुढच्या वर्षीच्या खऱ्याखुऱ्या हुशार मुलीला. सरांनी तिच्यासाठी मनापासून लिहिलं तरी आता ते कोण मानणार?

डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी १९१६ मध्ये, ते लंडनला निघाले तेव्हा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणाऱ्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. गोष्ट तिथं संपली नाही. १९२५ मध्ये बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. नऊ वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी शब्द टाकला त्याच्या ग्रंथापुढे त्यांनी पुन्हा आपलं नाव घातलं. इतकं सगळं प्रत्येक शिक्षकाकडून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी होणार नाही, सत्तरांच्या वर्गात तर नाहीच. दोघा-तिघांसाठी होईल. बाकीच्यांना निदान वेळेवर सांगता येईल.

वेळेवर म्हणजे खरोखरच वेळेवर. पुष्कळ विभागांच्या मुदती १ किंवा १५ डिसेंबरला संपतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सरांनी नाही म्हटलं, तर मुलाला प्रकल्पाच्या गाइडकडे जाता येतं, इंटर्नशिपच्या ठिकाणच्या साहेबांना विचारता येतं, वर्गातल्या तासाला दोन प्रश्न विचारून एखाद्या मॅडमशी ओळखही करून घेता येते. बारा डिसेंबरच्या रात्री फोन न उचलणाऱ्या सरांनी नकार दिला असं कुणी म्हणू नये. ते फक्त दार लावून घेणं झालं.