दाराबाहेर बसलेली माणसे

आजाऱ्याला भेटणे हे आपण दयेचे कृत्य मानतो. परंतु ज्याला भेटताच येत नाही, त्या आजाऱ्याचे काय? अतिदक्षता विभागात एखाद्याच नातलगाला काही मिनिटे सोडतात. आत यंत्रे, डॉक्टर, परिचारिका. बाहेर बाकावर पत्नी, भाऊ, मुलगा. आमच्या मते आपल्या भेटीवर खरा हक्क या बाकाचा आहे.

चिखल्यासारख्या गावातून पाहिले, म्हणजे हे चटकन पटते. गंभीर रुग्णाला मुंबईला न्यायचे, नाही तर सीमा ओलांडून वापी-वलसाडला. मुंबई सव्वाशे किलोमीटरहून दूर. गुजरातेत पाट्यांची लिपीही वेगळी. घरी वाडीतला चिकू उतरवायचा राहिलेला, मुले शेजाऱ्यांकडे. अशा वेळी ‘काही लागले तर कळवा’ हे वाक्य सभ्य खरे, पण निरुपयोगी. काय लागते हे सांगण्याचे त्राण त्या माणसात उरलेले नसते. एक रात्र त्याच्याऐवजी बाकावर बसावे, डबा न्यावा, कागद समजावून द्यावेत. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या कर्करुग्णांबरोबर नातलगांनाही आसरा मिळतो; आपल्या धर्मग्रामांनी हा कित्ता गिरवावा.

परंतु डब्याने न सुटणारा प्रश्न पुढेच असतो: आशा संपल्यावर व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की नाही? येथे आपलीच जीभ आड येते. ‘पैशांसाठी नळ्या काढल्या’ असे अंत्यविधीच्या दिवशीच कुजबुजणारे लोक श्रद्धेचा आव आणतात. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र त्यांच्याहून दयाळू आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर नेमका कृत्रिम श्वासोच्छ्वासाचाच विचार मांडला. सामान्य उपचार हे कर्तव्य. असामान्य उपचारांची सक्ती नाही. सदसद्विवेकाने लादता येणार नाही इतका भार कुटुंबावर पडत असेल, तर ते प्रयत्न थांबवण्याचा आग्रह कुटुंब धरू शकते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे बाकावरच्यांचे ओझेही नैतिक विचारात मोजले गेले! त्याचा अर्थ जीव घेण्याची मुभा असा मुळीच नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असे उपचार थांबवण्यास मान्यता दिली व २०२३ मध्ये पद्धत सुलभ केली. रुग्णाने आधी लिहून ठेवले नसेल, तर दोन वैद्यकीय मंडळांच्या मताबरोबर नातलगांची संमती लागते. आणि लिहून ठेवणे आता अवघड नाही: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्याआधी घरच्यांनी एखाद्या संध्याकाळी, रोझरी आटोपल्यावर, हा अप्रिय विषय काढायला हवा. मग वडिलांच्या मनात काय होते, याचा अंदाज मुलाला बाकावर एकट्याने बांधावा लागत नाही.