हारासाठी एक वेगळा

फोटोग्राफरला पाठवायची यादी मी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा आईच्या खुर्चीच्या उजव्या हाताला माझंच नाव पडलं. पहिल्यांदा सवयीनं पडलं असेल. पुढच्या दोन वेळा मात्र तसं म्हणायला तोंड नाही.

उद्या सकाळी सातला फोटो आहेत. पुढच्या आठवड्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन. अधिक महिने धरून हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला साधारण ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. आपण सोयीनं एक्क्याऐंशी म्हणतो. बाबा गेल्याला बारा वर्षं झाली, म्हणजे या हजारातल्या शेवटच्या दीडशे पौर्णिमा आईनं दादा-वहिनीच्या संगतीत काढल्या. मी पुण्यात असते. वाई काही लांब नाही, नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. तरी येणं होतं ते गणपतीत, दिवाळीत आणि मधे एखाद्या शनिवार-रविवारी, तेही परतीच्या ट्रॅफिकचा हिशेब डोक्यात ठेवून.

मग फोटो कसे यावेत हे मी का ठरवत होते? मला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे मी देणार होते, एवढंच.

रंग मी ठरवले: बायकांना पिस्ता, पुरुषांना क्रीम. जागाही मीच ठरवली: मेणवलीचा घाट. ‘स्वदेस’मध्ये दिसला तो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. तिथं देवळाशी वसईच्या मोहिमेत जिंकून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, तीही एका फोटोत मागे दिसावी असं माझ्या मनात होतं. दादा एवढंच म्हणाला, “पायऱ्या आहेत गं.” मी म्हटलं, खुर्चीसकट उचलू चौघं जण, त्यात काय! बोलताना मला गंमत वाटत होती. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला पालखीसारखं पायऱ्यांवरून उतरवायचं, तिचा जीव मुठीत, आणि वरून मी सांगणार, “आई, हस ना जरा!” दादानं वाद घातला नाही. तो माझ्याशी वाद घालत नाही, हेही मी वापरून घेते.

फोटोग्राफरला मी आणखी एक गोष्ट बजावली होती: वॉकर दिसायला नको. त्यातलं खोटं मला आज संध्याकाळी कळलं, आईला बाथरूमपर्यंत नेताना. वॉकरच्या दांड्याला वहिनीनं जुन्या सुती साडीच्या चिंध्या गुंडाळल्यात, घट्ट, दोऱ्यानं शिवून. आईचे तळवे सोलवटत होते म्हणून. चिंध्या मळल्या की बदलते, हेही दिसत होतं, कारण एका दांड्याची चिंधी नवी होती. दीड वर्षात मी या वॉकरला कितीदा हात लावला असेल? फोटोतून तो काढायला सांगताना आईचं म्हातारपण झाकायचंय असं मी स्वतःला सांगितलं होतं. झाकायचं होतं ते, घरात एक वॉकर आहे आणि त्याची निगा मी राखत नाही, हे.

टिकलीचं त्याहून अवघड आहे.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारनं सगळ्याच ग्रामपंचायतींना तसं करायला सुचवलं. ती बातमी मी लगेच स्टेटसला ठेवली होती. वर चार ओळी लिहिल्या होत्या, बऱ्या होत्या. कौतुकाचे अंगठे मोजले. पण त्या दिवशी आईला फोन करून ‘तुला टिकली लावावीशी वाटते का गं?’ एवढं विचारलं नाही. त्यानंतरही नाही. बाबा गेल्यापासून तिचं कपाळ मोकळं आहे आणि बारा वर्षं मी ते बघत आले, जशी घराची पडकी भिंत माणूस बघत राहतो.

आज मी तिला म्हटलं, “आई, उद्या छोटीशी टिकली लावू या, मरून.” ती म्हणाली, “का?” मी तयारीतच होते, हेरवाड, सरकारची सूचना, काळ बदलला, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि परवा काढायची का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण परवाचा मी विचारच केला नव्हता. चाचणी म्हणून काढलेल्या फोटोत तिचं कपाळ फार रिकामं दिसत होतं, पिस्ता रंगावर तर जास्तच. खरं कारण तेवढंच. सुधारणेची गोष्ट मी शोभेसाठी काढली, आणि आईला ते दोन शब्दांत कळलं. तिला टिकली हवी की नको, हे अजूनही मला माहीत नाही. ‘बघू’ म्हणाली.

तिला आणखीही कळलेलं होतं. यादीत मी ‘आई – सोलो, मागे प्लेन’ असं लिहिलंय. फोटोग्राफरनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अशा यादीत ती ओळ कशासाठी असते हे त्या धंद्यातल्या पोरांना पाठ असतं. रात्री जेवताना आई सहज म्हणाली, “हारासाठी एक वेगळा काढून घे. चष्मा ठेव, नाहीतर मी कुणीतरी दुसरीच वाटेन.” दादाचा घास हातातच राहिला. मी “काहीतरीच काय गं” म्हटलं. किती पटकन म्हटलं! ती खरं बोलत होती, आणि मी चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी तिच्यावरच डाफरले.

चष्म्याचं ती उगाच म्हणाली नाही. आमच्या मोठ्या काकूचा एकच फोटो होता, दादाच्या मुंजीतला, 1979 चा. बाबांच्या मित्राचा आगफा क्लिक थ्री, रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे कुणालाही दुसरी संधी नाही. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत शेवटी आली आणि कडेला उभी राहता राहता खटका दाबला गेला. सगळे स्वच्छ आले, ती हललेली. 1996 मध्ये ती गेली तेव्हा घरभर शोधलं, दुसरा फोटो निघाला नाही. मग एका स्टुडिओत तोच मोठा करून ब्रशानं नाकडोळे भरून आणले. भरणाऱ्यानं काकूला पाहिलेलं नव्हतं. त्या फोटोला आम्ही अजून नमस्कार करतो. कुणाला करतो, कोण जाणे.

ही गोष्ट मी लोकांना नेहमी सांगते, जुन्या काळच्या बायकांची उपेक्षा वगैरे म्हणून. चांगली रंगवून सांगते. आज यादी वाचताना दिसलं, वहिनीपुढे मी लिहिलंय : ‘मागे, कडेला’. आणि आईचा सोलो आहे, माझ्या मुलीचा आहे, माझा ‘आईसोबत कॅन्डिड’ आहे, दोन. वहिनीचा एकटीचा नाही. हे मी ठरवून केलं असतं तर निदान दुष्टपणा तरी म्हणता आलं असतं. तिचं नाव मला सुचलंच नाही.

दहाच्या सुमाराला घाट रद्द केला. ओसरीवरच काढू म्हणून फोटोग्राफरला कळवलं. दादाला सांगितलं, तर त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघवली नाही. कोण कुठं उभं राहणार ते खोडून टाकलं, वॉकरची सूचनाही खोडली. हे करताना, वहिनीच्या हे लक्षात यावं, तिनं मनात म्हणावं की वन्सं समजूतदार आहेत, अशी इच्छा होतीच. ती काही खोडता आली नाही.

पाणी प्यायला उठले तर माजघरात दिवा. वहिनी मांडीवर ब्लाउज घेऊन बसलेली, हातात ब्लेड. पिस्ता रंगाची तिच्याकडे एकच साडी आहे, धाकट्या बहिणीच्या लग्नात मिळालेली, आणि त्यावरचा ब्लाउज तेव्हाच्या मापाचा. तो आता होत नाही हे ती आठवडाभर कुणाला बोलली नव्हती. मी म्हटलं, “वहिनी, रंगाचं सोडा. हवी ती नेसा.” ती म्हणाली, “आता अर्धा उसवून झालाय.”

मी शेजारी बसले. दुसरी बाजू ओढून घेतली. शिंप्यानं माया बरी ठेवली होती, बोटभर तरी, आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद, ऊन-पाणी न लागलेलं. टीप उसवायची मला सवय नाही. दोनदा ब्लेड कापडात गेलं. तिनं बघितलं, काही म्हणाली नाही, दोरे फुंकरीनं उडवत राहिली. कुशी झाल्यावर मी बाहीला हात घातला.

“बाहीची राहू दे,” ती म्हणाली. “मला कुठे हात वर करायचेत?”